अर्धा सूत वर, अर्धा सूत खाली: इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची उंची ठरवताना

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत एका चाचांच्या दुकानात बसलो होतो. बहिणीचा तंबोरा जवारीला, म्हणजे घोडी घासून आवाज उघडायला, टाकला होता, तो न्यायला गेलेलो. पाठीवर गिटार होती म्हणून तीही आत आली. चाचा घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवत होते. दोनदा कानस फिरवायची, फुंकर मारायची, तार परत घोडीवर घ्यायची, तारेखालचा सुती दोरा केसभर पुढंमागं सरकवायचा आणि कान भोपळ्याजवळ नेऊन ऐकायचं. पाच-सहा वेळा असं झालं आणि इतका वेळ मिटून बसलेला आवाज एकदम उघडला. दुकान भरून गेलं. मग त्यांनी सहज माझ्या गिटारची जाड तार छेडली. तार फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, लागून झणझणली. चाचा हसले. "आमी दिवसभर घासून जे आणतो ते तुमच्यात फुकट येतंय. आणि तुमाला तेच नको असतंय!"

२०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या सतार-तंबोऱ्यांचं सगळं मर्म त्या घासण्यात आहे. तंबोऱ्याची तार घोडीच्या उतारावर अलगद टेकत टेकत कंप पावते, म्हणून तो गुंजारव येतो. गिटारची तार मात्र दोन टोकं सोडून कुठंच टेकायला नको. म्हणजे प्रश्न एकच: हलणाऱ्या तारेखाली जागा किती ठेवायची? जास्त ठेवली की बोटं दुखतात आणि सूर चढतो. कमी ठेवली की खरखर. या मधल्या जागेला गिटारवाले ॲक्शन म्हणतात आणि तिच्यावरून न संपणारे वाद घालतात. माझं मत सांगून टाकतो. या आकड्याचं अर्धं उत्तर गिटारमध्ये असतं आणि अर्धं तुमच्या उजव्या हातात. तुम्ही पिक (तार छेडायचा छोटा तुकडा) किती जोरात मारता, त्यावर तार किती झुलणार हे ठरतं, आणि तिला किती जागा द्यायची हेही त्यावरूनच. मित्राच्या गिटारचा आकडा आपल्या गिटारला लावणं म्हणजे त्याच्या चष्म्यातून पेपर वाचणं.

पण उजव्या हाताकडे जाण्याआधी गिटारचं अर्धं काम नीट व्हायला हवं, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी नेक (गिटारची मान), मग नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी), मग ब्रिज (बॉडीवरचा तारांचा दुसरा आधार), मग पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग), शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं). क्रम चुकला की केलेलं काम परत करावं लागतं. मी तीन वर्षं उलट्या क्रमानं करत होतो.

माप कुठं आणि कशानं घ्यायचं

फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. तार मोकळी (कुठंही न दाबलेली), सुरात लावलेली, आणि गिटार वाजवताना धरतो तशी उभी. पाठीवर आडवी टाकून मोजली तर नेक स्वतःच्या वजनानं थोडी हलते आणि माप फसवतं.

सुतारकाम जवळून पाहिलेल्यांना एक सोय आहे. मिस्त्री लोकांचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम ३.२ मिमी. अर्धा सूत म्हणजे १.६ मिमी. फेंडर ही गिटार कंपनी आपल्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलसाठी १७ व्या फ्रेटवर जो आकडा देते तो नेमका हाच: फ्रेटबोर्डची (फ्रेट बसवलेल्या फळीची) गोलाई ९.५ ते १२ इंच असेल तर जाड आणि बारीक दोन्ही बाजूंना १.६ मिमी. जुन्या पद्धतीच्या ७.२५ इंची गोलाईला जाड बाजूला २.० आणि बारीक बाजूला १.६. गिब्सन ही दुसरी कंपनी १२ व्या फ्रेटवर मोजायला सांगते: जाड तारेला २.० मिमी, बारीक तारेला १.२. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करू नका, फ्रेट वेगळे आहेत. १७ व्या फ्रेटवरचे १.६ म्हणजे १२ व्या फ्रेटवर साधारण १.४ च्या आसपास. हे आकडे कारखान्यातून गिटार बाहेर पडतानाचे आहेत. सुरुवात करायला चांगले, एवढंच.

गोलाई हा शब्द आला म्हणून जरा थांबतो, कारण मला ती महागात पडली. फ्रेटबोर्ड सपाट नसतो, मध्ये थोडा फुगीर असतो. ज्या वर्तुळाचा तो तुकडा, त्याची त्रिज्या म्हणजे ही गोलाई. त्रिज्या लहान तेवढी फुगी जास्त. बारीक तार ओढून मध्याकडे नेली की ती या टेकडावर चढते आणि पुढचे फ्रेट तिच्या जवळ येतात. कॉलेजच्या गॅदरिंगच्या आदल्या रात्री मी माझ्या ७.२५ इंची गोलाईच्या गिटारची ॲक्शन अगदी जमिनीला लावली होती. खोलीत वाजवताना लोणी. स्टेजवर सोलोमध्ये पंधराव्या फ्रेटवर पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार पूर्ण एक स्वर वर ओढली आणि आवाज गळा दाबल्यासारखा बंद झाला. मला वाटलं केबल निघाली. मी केबलकडे बघतोय, ड्रमर माझ्याकडे बघतोय. तार पुढच्या फ्रेटला टेकली होती, बाकी काही नाही. तेव्हापासून गोल फ्रेटबोर्डवर मी बारीक तारांची उंची बेंड करून, म्हणजे तार अशी ओढून, ठरवतो, मोकळी तार वाजवून नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. अर्धा मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, जिचा शून्य अगदी कडेपासून सुरू होतो अशी. शाळेच्या कंपासमधली चालत नाही, तिला आधी मोकळी जागा असते. सॅडलच्या (ब्रिजवर तारेखाली असलेल्या छोट्या आधाराच्या) स्क्रूची ॲलन की, बहुतेक गिटारना १.५ मिमीची, अमेरिकी बनावटीला ०.०५ इंचाची. दोन्ही जवळपास सारख्या दिसतात, पण चुकीची घुसवून फिरवली की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग त्याला काढायला ब्रह्मदेव लागतो. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर, वही.

पट्टी नसेल तर एटीएम कार्ड. ते जगभर ०.७६ मिमी जाड असतं. दोन कार्डं एकावर एक म्हणजे दीड मिमी. आकडे उठावदार असलेला भाग टाळून सपाट कडेनं तारेखाली सरकवा. दोन कार्डं तार न उचलता जेमतेम जात असतील तर तुम्ही दीडवर आहात. आणि तारांचा १० नंबरचा सेट वापरत असाल तर काढून टाकलेली पहिली तार फेकू नका. ती ०.०१० इंच, म्हणजे ०.२५४ मिमी जाड असते. पुढच्या पायरीला तीच लागणार आहे. नाहीतर आमच्या सांगलीत शंभर फुटी रोडवरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायचा फिलर गेज असतो. पुसून वापरा, ग्रीस फ्रेटबोर्डवर उतरतं.

सुरू करण्याआधी सध्याची सगळी मापं वहीत लिहा. बिघडलं तर परत यायला वाट हवी. तारा नव्या घाला, आणि पुढं जो नंबर वापरणार आहात त्याच. ९ च्या तारांवर सेटअप करून नंतर १० च्या घातल्या तर ताण वाढतो, नेक पुढं ओढली जाते आणि सगळं गणित हलतं.

नेकचा बाक

तार मध्यावर सगळ्यात जास्त झुलते. दोरीवरच्या उड्या मारताना दोरीचं होतं तसंच. म्हणून नेकला मध्ये किंचित खोलगट बाक ठेवतात. किती? पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. आता ती तारच सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. ९.५ ते १२ इंची गोलाईला फेंडर ०.२५ मिमी सांगते. म्हणजे ती जपून ठेवलेली १० नंबरची तार त्या फटीत अलगद बसली पाहिजे. सैल लोळत असेल तर बाक जास्त आहे. मध्ये घातल्यावर जाड तार उचलली जात असेल तर कमी. फटच नसेल तर नेक सपाट आहे किंवा उलट वाकली आहे.

बाक कमी करायला ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, वाढवायला उलट. ट्रस रॉडच्या फिरवायच्या टोकाकडे तोंड करून बघायचं, नाहीतर दिशा उलटी धरली जाते. एका वेळी आट्याचा (पूर्ण फेऱ्याचा) आठवा भाग, फार तर पाव आटा. मग तारा परत सुरात लावा, चहा घ्या, परत मोजा. लाकूड लगेच बसत नाही, रात्रभरात अजून थोडं सरकतं. आवळताना हाताला जोर लागायला लागला तर तिथंच थांबा आणि जाणत्याकडे द्या. तुटलेला ट्रस रॉड ही गिटारच्या आयुष्यातली मोठी शस्त्रक्रिया आहे.

एक चूक आपल्याकडे सर्रास होते. तारा उंच वाटल्या की ट्रस रॉड आवळायचा. अनेक दुकानांतही हेच करून देतात, कारण पाच मिनिटांत तारा खाली आलेल्या दिसतात आणि गिऱ्हाईक खूश. घरी आल्यावर पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर सुरू होते. ट्रस रॉड बाकासाठी आहे. उंचीसाठी ब्रिज आहे. बाक ०.२५ असताना तारा उंच असतील तर ट्रस रॉडला हातही लावायचा नाही.

नट: बघा, पण कानस हातात घेऊ नका

पहिल्या दोन-तीन फ्रेटवर कॉर्ड धरताना बोटं दुखतात, एफचा बॅरे (एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड) लागतच नाही, आणि मोकळ्या तारा सुरात असूनही पहिल्या पोझिशनचा ई मेजर बेसूर वाटतो, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक नटचा. स्वस्त गिटारना नटच्या खाचा उथळ ठेवून पाठवतात, कारण खोल झाल्या तर माल परत येतो. तपासायचं असं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथं तार फ्रेटपासून केसभर वर दिसली पाहिजे, बोटानं टोचली की टिक असा बारीक आवाज यावा. ठळक फट दिसली तर खाच उथळ आहे. टिक आवाजच आला नाही तर ती आधीच खोल आहे आणि मोकळी तार खरखरणार.

खाच खोल करायला त्या-त्या तारेच्या जाडीची गोल कानस लागते. करवतीचं पातं घेऊन बसू नका. हे काम मी अजूनही माहीतगाराकडून करून घेतो. एक घास जास्त गेला की खेळ संपला. संपला म्हणजे अगदीच नाही: खाचेत खायचा सोडा भरून वर पातळ फेविक्विकचा थेंब टाकला की दगडासारखं होतं आणि परत खाच पाडता येते. पण ती मलमपट्टी.

ब्रिज: इथंच खरी निवड

आता सॅडल. ब्रिजवर उंची १ मिमी बदलली तर १२ व्या फ्रेटवर ती अर्धाच मिमी बदलते, कारण १२ वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. १७ व्या फ्रेटवर सुमारे ०.६३ मिमी. स्ट्रॅटसारख्या ब्रिजवर प्रत्येक सॅडलला दोन बारीक स्क्रू असतात. ते तीन मिमीचे असतील तर एका पूर्ण आट्याला सॅडल अर्धा मिमी चढतं. म्हणजे १२ व्या फ्रेटवर पाव मिमी. पाव आटा फिरवला तर १२ व्या फ्रेटवर ०.०६ मिमी फरक. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. हे गणित एकदा डोक्यात बसलं की अंदाजपंचे फिरवाफिरवी थांबते: १२ व्या फ्रेटवर १.९ आहे, १.६५ हवंय, तर दोन्ही स्क्रू एक-एक आटा.

मी करतो ते असं. सुरुवात थोडी उंचच ठेवतो, १२ व्या फ्रेटवर जाड तारेला २.० आणि बारीकला १.६. मग ॲम्प चालू करून अर्धा तास नेहमीचं वाजवतो. सेटअप करताना माणूस नकळत हळू वाजवतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. बँडमध्ये वाजवता तेवढ्या जोरानं वाजवा. आता जाड तार पाव आटा खाली. पहिल्या फ्रेटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक सूर, नेहमीच्या जोरात. ठीक? अजून पाव आटा. ॲम्पमधून खरखर ऐकू यायला लागली की थांबायचं आणि अर्धा आटा परत वर. ही त्या तारेची जागा. मग अशीच बारीक तार, पण तिथं कसोटी बेंडची: बारा, पंधरा, सतरा या फ्रेटवर पूर्ण स्वर ओढून धरायचा आणि तो स्वतःहून विझेपर्यंत ऐकायचा. मध्येच कापला गेला तर पाव आटा वर.

मधल्या चार तारा या दोघींच्या मध्ये कमानीत बसवायच्या. डोळे ब्रिजच्या पातळीत आणून बघितलं की सॅडलची रांग फ्रेटबोर्डसारखीच फुगीर दिसली पाहिजे. प्रत्येक सॅडलचे दोन स्क्रू सारखे फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं होऊन तार एका बाजूला सरकते.

'ॲम्पमधून' हा शब्द वर जाणूनबुजून वापरलाय. इलेक्ट्रिक गिटार न जोडता वाजवली तर थोडी खरखर जवळजवळ नेहमीच ऐकू येते, आणि तिच्यातली बरीचशी पिकअपपर्यंत पोचतच नाही. त्या खरखरीला भिऊन तारा उंच करत बसणारे खूप आहेत. अकूस्टिकवाल्यांना हा विलास परवडत नाही. आपल्याला आहे. पण क्लीन टोनवर (साफ आवाजावर) ऐकून ठरवा, डिस्टॉर्शनखाली (मुद्दाम फाडलेल्या आवाजाखाली) सगळं झाकलं जातं.

गिब्सनच्या लेस पॉल धाटणीच्या गिटारला सहा सॅडल वेगळी वरखाली होत नाहीत, ब्रिजच्या दोन टोकांना दोन चकत्या असतात. काम सोपं, पण चढवण्याआधी तारा थोड्या सैल करा, नाहीतर ताणाखाली चकती फिरवताना पक्कड वापरायचा मोह होतो आणि क्रोमवर ओरखडे. फ्लॉइड रोझ (दांड्यानं हलवता येणारा ब्रिज) असेल तर दोन खांब वरखाली होतात. तिथं ताण उतरवल्याशिवाय फिरवलं की ब्रिजची धारदार कड झिजते आणि मग व्हॅमी बार (तो दांडा) वापरल्यावर गिटार सुरात परत येत नाही.

सॅडल पूर्ण खाली टेकले, स्क्रूची टोकं वर येऊन तळहाताला टोचतायत आणि तारा अजून उंचच, असं झालं तर दोष नेकच्या कोनाचा. बोल्टनं जोडलेल्या नेकखाली पातळ चकती घालून तो सुटतो. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालणारे जुने वाजवणारे आजही आहेत. चालतं, पण लाकडाची उतरती पट्टी जास्त चांगली.

खरखर कुठं येते यावरून

सगळं करूनही खरखर राहिली तर ती कुठल्या फ्रेटवर आहे हे बघणं अर्धं निदान. फक्त मोकळ्या तारेला असेल तर नट. पहिल्या पाच फ्रेटमध्ये असेल तर बाक कमी. बाराच्या पुढं असेल तर ब्रिज खाली किंवा बाक जास्त, आणि कधी कधी नेक जिथं बॉडीला मिळते तिथं फ्रेटबोर्ड उचललेला असतो. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. एटीएम कार्डाची कड तीन फ्रेटवर उभी ठेवून दाबून बघा, डोलली तर मधला फ्रेट वर आलाय. तो हातोडीनं ठोकायच्या भानगडीत पडू नका. आणि खरखर गिटारभर सगळीकडे सारखीच असेल तर आधी उजव्या हाताकडे बघा.

आवाजाचं काय

लोक म्हणतात उंच ॲक्शनला टोन येतो. अमेरिकी ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचं नाव हमखास निघतं. तो १३ नंबरच्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवायचा हे खरं. पण त्याच्या आवाजाचं श्रेय एकट्या उंचीला देता येत नाही. तो हातच तसा होता. कानाला कळणारा फरक मला असा सांगता येईल: तारा खूप खाली असल्या की पिक मारल्याच्या क्षणी तार फ्रेटला घासते, सुरुवातीला एक धातूचा टणका येतो, मूळ सूर दबतो आणि पुढं लांबत नाही. उंची वाढवत नेली की एका टप्प्यावर हा टणका जातो आणि सूर मोकळा होतो. त्या टप्प्याच्या पुढं अजून चढवून आवाज सुधारलेला मी तरी ऐकला नाही. फक्त बोटं दमतात, आणि तार दाबताना ती ताणली जाऊन सूर चढतो. तो टणका कुणाला हवाही असतो. फंकच्या चटपटीत रिदमला तो बरा लागतो.

दुसरी गोष्ट जवळजवळ कुणी बोलत नाही. तारा खाली आणल्या की त्या पिकअपच्या जवळ येतात. आवाज मोठा होतो, आणि आपल्याला वाटतं ॲक्शन बदलल्यानं टोन बदलला. बऱ्याचदा बदललेलं असतं ते पिकअपपासूनचं अंतर. सिंगल कॉइलच्या (एका वेटोळ्याच्या पिकअपच्या) चुंबकाच्या दांड्या तारेला ओढतात. फार जवळ असतील तर जाड तारेवर वरच्या फ्रेटवर सूर डुगडुगतो, एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखा, आणि कितीही ट्यून केलं तरी लागत नाही. म्हणून ॲक्शननंतर पिकअप. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या दांडीपर्यंत मोजायचं: साध्या सिंगल कॉइलला जाड बाजूला २.० आणि बारीक बाजूला १.६ पासून सुरुवात, जोरदार चुंबक असेल तर ३.२ आणि २.४ पर्यंत खाली. हमबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) १.६ चालतं. मग कानानं.

मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे इलेक्ट्रिकवर राग वाजवणारी, गाण्याची हरकत जशीच्या तशी काढू पाहणारी पोरं बरीच आहेत. त्यांना कमी ॲक्शन हवी असं वाटतं. उलट आहे. लांब ओढताना बोटाचं टोक तारेच्या थोडं खाली शिरून तिला पकडतं. तारा फार खाली असल्या की ओढणारं बोट शेजारच्या तारेखाली न शिरता तिच्यावर चढतं, घसरतं, आणि सोडताना शेजारची तार वाजते. सतारीवर पडदे वक्र आणि उंच ठेवलेत ते उगाच नाहीत, तिथं एका पडद्यावर चार-पाच स्वरांची मींड निघते. गिटारवर तेवढं नाही, पण मींडवाल्यानं १२ व्या फ्रेटवर बारीक तारेला १.७ ते १.८ ठेवून बघावं आणि तारा ९ नंबरच्या घ्याव्यात. स्लाइड (बोटात नळी घालून तारेवर सरकवत) वाजवायची असेल तर याहूनही वर, नाहीतर काचेची नळी फ्रेटवर खडखडते. त्यासाठी शक्य असेल तर वेगळी गिटारच ठेवा.

वेगानं सरगम मारणाऱ्याला, हलक्या हाताच्या माणसाला १२ व्या फ्रेटवर जाड तारेला १.५ आणि बारीकला १.२ सुखाचं जातं, गोलाई १२ इंच किंवा अधिक सपाट असेल तर. गणपतीत ऑर्केस्ट्रात रात्रभर कॉर्ड हाणणाऱ्याला मी १.९ आणि १.६ च्या खाली जायला सांगणार नाही. लेस पॉलसारख्या लहान स्केलच्या (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी कमी असलेल्या) गिटारला त्याच तारा त्याच सुरात सैल असतात, म्हणून जास्त झुलतात. २५.५ इंची गिटारवरचा आकडा तिथं थोडा वर घ्यावा लागतो किंवा तारा एक नंबर जाड.

उंची पक्की झाल्यावर इंटोनेशन. मोकळी तार ट्यून करा, मग १२ व्या फ्रेटवर दाबून वाजवा. चढा सूर दाखवला तर सॅडल मागं, उतरता दाखवला तर पुढं नेकच्या दिशेनं. उंची वाढवली असेल तर सॅडल बहुतेक मागं घ्यावं लागतं, कारण आता दाबताना तार जास्त ताणली जाते. दाबताना नेहमीइतकाच जोर द्या.

सांगलीची हवा

हे सगळं मार्चमध्ये करून ठेवलं आणि ऑगस्टमध्ये गिटार हातात घेतली तर ती तीच गिटार नसते. कृष्णाकाठी जून ते सप्टेंबर हवेत जेवढा ओलावा असतो, त्यात नेकचं लाकूड फुगतं, आणि एप्रिलच्या कोरड्या झळांत आकसतं. बाक वाढतो की कमी होतो हे गिटारगणिक बदलतं. माझ्या दोन गिटार एकाच भिंतीवर असतात आणि विरुद्ध दिशांना जातात. म्हणून अंदाज करायचा नाही, जपून ठेवलेली तार घेऊन आठव्या फ्रेटवर मोजायचं. मी वर्षात दोनदा बघतो, मृगाचा पाऊस बसल्यावर आणि दिवाळी झाल्यावर. बहुतेक वेळा ट्रस रॉडचा आठवा भाग फिरवला की सॅडलला हात न लावता ॲक्शन परत जागेवर येते. हवेनं बिघडलेलं ब्रिजवर दुरुस्त करत बसलात तर हवा पालटल्यावर ते परत बिघडणार.

२०१९ च्या महापुरात गावभागातल्या एका मित्राची गिटार माळ्यावर नेऊन ठेवली होती. पाणी लागलं नाही, पण बंद केसमध्ये तीन आठवडे ती दमट हवेत पडून होती. उघडली तेव्हा तारा गंजलेल्या आणि १२ व्या फ्रेटवर तीन मिमीच्या वर. तो तिथंच ट्रस रॉड आवळायला निघाला. मी म्हटलं, "थांब की लेका, आधी वाळू दे तिला." केस बाजूला ठेवून ती आठवडाभर पंख्यापासून लांब, सावलीत, नुसती टांगून ठेवली. बाक बराचसा आपोआप उतरला. उरलेला अर्ध्या आट्यात गेला, तोही तीन दिवसांत थोडा थोडा करून.

माझ्या वहीतली गेल्या दिवाळीनंतरची नोंद अशी आहे. काळी गिटार, ९.५ इंच, १० च्या तारा. बाक ०.२५. १२ व्या फ्रेटवर जाड १.८, बारीक १.५. तिसरी तार सतराव्या फ्रेटवर बेंडला किंचित कापते, पाव आटा वर घेतली, आता ठीक. मोकळी ए तार गिटार ॲम्पला न जोडता खरखरते, ॲम्पमधून येत नाही, सोडून दिली.